दोन उमेदवार, एक भोंगा आणि रुख्माबाईचं वावर

मी, डोमाजी श्रावण उरकुडे, वय एकोणसत्तर, धंदा लाऊडस्पीकरचा, राहणार अल्लीपूर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा, आज पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि कोणत्याही उमेदवाराची सुपारी न घेता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यात प्रकृती ठणठणीत असे लिहिले आहे. डोक्याबद्दल पत्नीला विचारावे.

कलम १. माझे स्वकष्टाचे दोन एकर वावर, विहिरीसह, माझ्या पश्चात पत्नी रुख्माबाई हिला मिळावे. कारण देण्याची कायद्याला गरज नाही, पण मला राहवत नाही.

यंदा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत नव्या महामार्गावरून रान पेटले. आखणीचे दगड नेमके आमच्या वांग्यांत गाडलेले. दौलतराव ढगे म्हणत, महामार्ग आणणारच. ताराचंद चाफले म्हणत, ढेकूळसुद्धा देणार नाही. दोघांचाही प्रचार माझ्याच ऑटोवरून, माझ्याच आवाजात. सकाळी एकाचा, दुपारी दुसऱ्याचा. शेवटच्या दिवशी माझ्या हातून पेनड्राइव्हची अदलाबदल झाली. अल्लीपुरात दौलतराव हात जोडून उभे आणि वर भोंगा गरजतोय, "महामार्ग हाणून पाडू!" वावरवाल्यांनी असा टाळ्यांचा कडकडाट केला की दौलतरावांनी जागच्या जागी मत बदलले. दुपारी फाट्यावरच्या टपरीवाल्यांसमोर ताराचंदच्या नावाने "महामार्ग आणणारच!" वाजले. त्यांच्या तर गळ्यात हार पडला. संध्याकाळी दोघे चौकात भेटले, तेव्हा प्रत्येकजण दुसऱ्याचे भाषण करत होता. मी हसून हसून स्टिअरिंगवर पडलो.

तेवढ्यात रुख्माबाई वांग्यांची टोपली घेऊन आली, टोपली खाली ठेवली आणि माझा माइक ओढून घेतला.

"काऊन हो, चाळीस वर्सं त्या वावरात मी राबून राह्यली, अन् मत भोंग्याचं? मले कोनी इचारलं का?"

दौलतराव म्हणाले, "पन बाई, सातबाऱ्यावर तं डोमाजीचं नाव हाये."

तिने माझ्याकडे पाहिले, माइक माझ्या हातात दिला आणि टोपली उचलून निघून गेली. त्यानंतर सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. साऱ्या तालुक्याच्या वतीने बोलणारा मी, पण घरात भाजीत मीठ कमी आहे हे सांगायचीही माझी हिंमत झाली नाही. मला फार लाज वाटली, हे इथे लिहून ठेवतो.

कलम २. ऑटो मुलगा रोशन, राहणार पिपरी मेघे, याला. त्यावर डीजे बांधल्यास ऑटो परत घ्यावा. कोणी घ्यावा ते माहीत नाही, पण घ्यावा.

कलम ३. शेजारी बंडूजी याने लेकीच्या लग्नात नेलेला माइक पंचवीस वर्षांत परत केला नाही. तो मी त्याला देऊन टाकतो, म्हणजे दडवून ठेवण्याची त्याची मजा तरी जाईल.

कलम ४. भोंगा रुख्माबाईला. माझ्या तेरवीला त्यावर माझा आवाज लावू नये. कोणता पेनड्राइव्ह लागेल याचा भरवसा नाही.

कलम ५. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळत नाही, असे वकील सांगतात. म्हणून साक्षीला दौलतराव आणि ताराचंद यांनाच बोलावले. दोघेही निवडणुकीत पडले आहेत, वेळ भरपूर आहे.

दुरुस्ती. कलम १ मी रुख्माबाईला वाचून दाखवले. सहा दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली:

"म्हंजे तुमच्या मरनाची वाट पाहू का मी? दगड तं आत्ताच गाडले हायेत!"

सबब परवा हिंगणघाटला जाऊन वावराचे बक्षीसपत्र तिच्या नावे नोंदवले. कलम १ खोडले आहे. परत येताना ती ऑटोत माझ्या शेजारी बसली आणि घरापर्यंत बोलतच होती. आज दोन्ही साक्षीदार सही करायला आले, ते आधी तिच्या ओट्यावर टोप्या काढून बसले आणि महामार्गाबद्दल तिचे मत काय, असे विचारू लागले. ती म्हणाली, "वांगे तोडून येतो, मंग सांगतो. बसजा."

माझे स्वतःचे मत विचाराल, तर मालकीण वावरात गेली आहे. थांबावे.

सही: डोमाजी श्रावण उरकुडे
साक्षीदार: १. दौलतराव ढगे २. ताराचंद चाफले (दोघेही अजून ओट्यावर)
ठिकाण: अल्लीपूर
दिनांक: १९ फेब्रुवारी २०२६