हळदीचं बोट लावलेली सोंगटी

१८ जानेवारी, रविवार. माधवगंज

आज पुन्हा हरलो. जेवणाच्या टेबलावर पानिपतचा नकाशा, शेजारचे बापूसाहेब अफगाणांच्या बाजूनं, मी मराठ्यांच्या. पुस्तकात पाहून पुठ्ठ्याच्या सोंगट्या मांडतो. एक सोंगटी म्हणजे एक पथक. आमचे एक पूर्वज ज्या पथकात लढता लढता पडले, त्या सोंगटीला मी हळदीचं बोट लावलंय. खेळ संपला की ती देवघरात ठेवतो. खेळात ती पुढे सरकवायला हात धजत नाही. आज मधली फळी फुटली, तरी ती मागेच.

बापूसाहेब हसले. "अहो साहेब, अडीचशेच्या वर वर्षं झाली त्यांना जाऊन! अजून किती बचावून ठेवाल? तुमच्या ह्या एका हळदीपायी बाकीची सगळी फौज मरते ना!"

राग आला. चहासुद्धा विचारला नाही त्यांना. पण खोटं काय बोलले? जो माणूस मागे फिरला नाही, त्याला मी दर रविवारी मागे बसवतो. ही कसली भक्ती?

पुढच्या रविवारी पहिली चाल तिचीच. पडली तर पडली.

सांजवात लावली, नमस्कार केला. सोंगटी देवघरात ठेवली नाही. बाकीच्यांबरोबर डब्यात टाकली.