पडद्यावरची झोप

दादा,

तुझा मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा, म्हणून ही चिठ्ठी. आईला पुन्हा आकडी आली. आनंदाकाकांच्या रिक्षातून तिला बोईसरला सरकारी दवाखान्यात नेतेय. मी इकडे भाकऱ्या थापत होते आणि कम्प्युटरवर ती शांत झोपलेली दिसत होती. आत गेले तर जमिनीवर पडलेली, तोंडाला फेस.

तिच्यावरचा कॅमेरा आणि तुझं वायफायचं यूएसबी एकाच हबला लावलं की कम्प्युटरचं लिनक्स हँग होतं, तुझं कम्प्युटरच्या मागच्या बाजूला लाव, किती वेळा सांगितलं रे! चित्र कधीपासून अडकलं होतं, देव जाणे.

तिची दवाखान्याची फाइल सापडत नाहीये, शोधून लगेच ये. फार भीती वाटतेय.

कम्प्युटर तसाच ठेवलाय. बंद करायला हात धजला नाही. त्यात आई अजून शांत झोपलीय.

दीपा