चित्रातली घोंगडी

छत्रपती संभाजीनगर
४ नोव्हेंबर २०२४

ती. बानाअक्कास धाकट्या मुंजाबाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाय आन गिऱ्हाइकासमोर ओरडायची मला लाज वाटते, म्हणून कागद लिहितो.

आमच्या बाजारगल्लीला नियम आलेत. ‘बाजार सुशोभीकरण कक्ष’ म्हणून नवं हापिस निघालंय. सगळ्या दुकानांच्या पाट्या एकाच मापाच्या, फिक्या पिवळ्या, वर तपकिरी अक्षरं. शटरच्या बाहेर कायबी टांगायचं नाय.

पाटीचं दुःख नाय. पण आईनं विणलेली काळी घोंगडी दारावरून काढायची म्हणजे दुकानच पुसून टाकायचं. आपली मेंढरांमागची माणसं पाटी कुठं वाचतात? फुलंब्रीचा असो का करमाडचा, काळी घोंगडी बघून आत शिरतो. ती काढली तर मी इथं बसलोय हे कळणार कुणाला? महिन्याची मुदत आहे.

तुझी ज्ञानेश्वरी त्याच कक्षात नकाशे काढते. तिला जरा सांग. मामाचं ती ऐकत नाय, आईचं ऐकेल. दाजींना रामराम. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा मुंजाबा

फुलंब्री
१३ नोव्हेंबर

चि. मुंजाबास अक्काचे अ. आ.

कागद पोचला. ज्ञानेश्वरी रविवारी मुकुंदवाडीहून आली होती. तुझं सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, नियम साहेब करतात, ती फक्त चित्रं काढते. नोकरी करारावरची, मामासाठी शब्द टाकला तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागेल. पोरीनं अर्धी भाकर ताटात ठेवली. मलाच मेल्यासारखं झालं.

एक मात्र म्हणाली. नमुन्याचं दुकान कसं असावं, याचं चित्र तिनं तुझ्याच दुकानावरून काढलंय. शाळा सुटल्यावर बस येईस्तोवर रोज तुझ्याच ओट्यावर बसायची ना, दुसरं दुकान तिला येतच नाय. तेवढ्यावर समाधान मान. आन घोंगड्यांच्या दुकानात बसून कुडकुडतो, ही तुझी लहानपणची खोड आता तरी सोड.

दाजींचा गुडघा तसाच आहे. जिवाला जपत जा, आमची सय असू दे.

बानाअक्का

छत्रपती संभाजीनगर
९ डिसेंबर

ती. अक्कास शि. सा. नमस्कार वि. वि.

अगं, लई घोटाळा झालाय. ज्ञानेश्वरीचं चित्र गल्लीत खांबाखांबाला लागलंय. हुबेहूब माझं दुकान. आन पोरीनं हाताच्या सवयीनं दारावर घोंगडीबी काढलीय! साहेबांनी न बघता सही ठोकली. खाली छापलंय, सर्व दुकानं चित्राप्रमाणे असावीत.

तपासायला सर्जेराव म्हणून एक जण टेप घेऊन येतो. त्यानं औषधवाल्या अनंतरावांना विचारलं, तुमची घोंगडी कुठंय? अनंतराव जुन्या कारकुनी घराण्यातले, त्यांनी नियम वाचून दाखवला की टांगायला मनाई आहे. सर्जेरावाचं म्हणणं पडलं, नियमावर सही नाय, चित्रावर आहे. अनंतराव गप माझ्याकडं आले आन एक काळी घोंगडी घेऊन गेले. मागोमाग मोबाइलवाला, मिठाईवाला, चष्मेवाला. आता सबंध गल्लीत एकेक टांगलीय. माझा माल संपला, नवा मागवलाय, आईची घोंगडी जागेवर राहिली. ज्ञानेश्वरीला रागावू नको, तिला भाकर पोटभर वाढ.

तुमची खुशाली कळवत राहा.

मुंजाबा

फुलंब्री
२१ डिसेंबर

चि. मुंजाबास अ. आ.

खुशालीचं काय घेऊन बसलास! आपला खंडेराव नातवाच्या लग्नात अंथरायला घोंगडी आणायला तुझ्याकडं निघाला होता. घोंगडी बघून आत शिरला, ते चष्म्याचं दुकान निघालं. त्यांनी डोळे तपासले. म्हातारा भिडस्त, चष्मा लावून परत आला, घोंगडी नाय. आता चष्म्यातून लांबलांबचं बघतो आन सगळ्यांना सांगत सुटलाय, त्या गल्लीत घोंगड्यांचं दुकान काय राहिलं नाय.

काल गावातल्या दोघींनी मला विचारलं, भावानं दुकान कधी मोडलं? मुंजाबा, मला फार लागलं रे. आईचं दुकान ते. कायतरी कर. वाट बघते.

अक्का

छत्रपती संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. नमस्कार वि. वि.

केलं. आईची घोंगडी दारावरून उतरवली. म्हटलं, सगळ्यांच्या दारावर घोंगडी, माझंच दार उघडं, तेवढ्यानं तरी वेगळं दिसेल. दोन दिवस कुत्रंबी फिरकलं नाय. तिसऱ्या दिवशी तीच घोंगडी खांद्यावर घेतली आन शटरच्या रेषेच्या आत, दारातच, स्टूल टाकून बसलो. अंगावर घेतलेल्या घोंगडीबद्दल नियमात कायबी नाय, चारदा वाचून बघितला. सर्जेराव आला. चित्राप्रमाणे घोंगडी नाय म्हणाला. मी म्हणालो, आहे, दोन हात खाली सरकलीय. त्यानं टेप लावून मोजलं आन वहीत ‘आहे’ असं लिहिलं. उन्हाळ्यात काय करायचं ते उन्हाळ्यात बघू.

आन अक्का, काल खंडेराव आला. गल्लीच्या तोंडाशीच थबकला, चष्मा काढून पुसला, परत लावला. मग सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, लांबून वाटलं तुझी आईच बसलीय. अक्का, आई अशीच बसायची ना दारात, खांद्यावर घोंगडी घेऊन, ही दारावर टांगायच्याबी आधी. मी तर पार विसरून गेलो होतो. गिऱ्हाइकासमोर मला रडू आलं.

घोंगडी घेऊन गेला तो. त्या दोघींना सांग, दुकान आहे. दाजींना रामराम, ज्ञानेश्वरीला आशीर्वाद. माझ्यावरची माया आहे तश्शीच ऊबदार राहू दे.

तुझा मुंजाबा