मार्चवाली बाई न्यायाधीश होती

आई,

आज दुपारी तुझी पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढली. पेटीत माझ्या आठवीच्या वह्या आहेत. त्या तू रद्दीत घातल्या नव्हत्यास हे मला तू गेल्यावर कळलं, आणि त्यालाही आता अठरा वर्षं झाली. बाराच्या बारा वह्या आहेत आणि तू घातलेली कव्हरं अजून अंगावर घट्ट आहेत. कोपरे कसे दुमडलेस बघ, एकही सुरकुती नाही. तेव्हा तुझ्या उजव्या हाताला पाचही बोटं होती.

ते कॅलेंडर तुला आठवत असणार. मी सहावीत होते आणि आपण चिखलीला त्या वर्कशॉपच्या गल्लीतल्या खोलीत राहत होतो, बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. तू कामाला जायचीस त्या वर्कशॉपच्या मालकाला ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा गिऱ्हाइकानं ते पाठवलं होतं. त्यावर तिथी नाही, चतुर्थी नाही, दुधाच्या खाड्याची खूण करायला जागा नाही, म्हणून पत्रा ठोकायच्या प्रेसवरच्या एकाही बाईनं ते घेतलं नाही. तू घेतलंस. कागद जाड आहे, गुळगुळीत आहे, पुढे पोरीच्या वह्यांना कव्हरं होतील, एवढाच तुझा हिशेब. तुझं पुढचं बघणं नेहमी एवढंच असायचं, पुढच्या जूनपर्यंत.

स्टोव्हच्या वरच्या खिळ्याला ते टांगलं. दर महिन्याला एक बाई, खाली चार ओळी इंग्रजी. सगळ्या ऑस्ट्रेलियाच्या, आपापल्या कामात मोठं नाव काढलेल्या. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी शाळेत सेमी-इंग्रजीला होते, म्हणजे गणित आणि विज्ञानातले शब्द घोकायचे आणि बाकीच्या इंग्रजीपुढे तोंड वासायचं. पण गल्लीत मी इंग्रजी वाचणारी पोरगी होते, आणि तू ते पाण्याच्या रांगेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस.

पहिल्याच दिवशी तू विचारलंस, "काय लिव्हलंय गं खाली?" जानेवारीवाली एका छोट्या विमानाशेजारी उभी होती, अंगात कामाचा डगला, हातात फडकं. मी ओळीवरून बोट फिरवलं, मोठ्यानं इंग्रजी वाचलं आणि म्हटलं, ही विमानं पुसते. तू पोळी उलटलीस आणि म्हणालीस, "तिकडं बी पुसायलाच ठेवलंय म्हण की." तुला त्यात वाईट वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं, एवढ्या लांबच्या मुलखात कुणीतरी आपल्यासारखंच कामाला जातं म्हणून.

त्यांची नावं आपण कधी घेतलीच नाहीत. तू त्यांना महिन्यांवरून हाक मारायचीस. फेब्रुवारीवालीच्या कडेवर पोर होतं, तर मी तिला दवाखान्यातली आया केलं. एप्रिलवाली एका भल्यामोठ्या डिशपुढे उभी होती. तेव्हा गल्लीत नुकतं केबल आलं होतं, मग ती टीव्हीच्या डिश बसवून देणारी झाली. पोहणारीचं मात्र बरोबर आलं, कारण ती पाण्यातच होती. "अगं, एवढ्याशा कपड्यात फोटू काढलाय, घरचे काय म्हणाले नसतील का हिला?" असं तू म्हणालीस आणि महिनाभर स्वयंपाक करताना तिच्याकडे कौतुकानं बघत राहिलीस. ऑगस्टवाली काळीसावळी होती, तिथल्या मूळच्या लोकांतली, माईक धरून गर्दीपुढे बोलत होती. मी म्हटलं, पाण्यासाठी भांडते. ती तुला फार आवडली. "ही आपल्यातली वाटायली," म्हणालीस आणि तिचा महिना संपला तरी पान उलटायला चार दिवस लावलेस.

एकदाच तू मला धरलंस. मार्चवालीच्या अंगात काळा झगा होता आणि डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप. मी ठोकून दिलं की ही नाटकात म्हातारीचं काम करते. तू कणकेचे हात तसेच ठेवून जवळ आलीस, फोटो नीट बघितलास, मग मला बघितलंस. "येत नसलं तर येत नाही म्हणावं. तोंड दुखायलंय का?" एवढंच. मी जेवले नाही, भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तू चिक्की आणलीस आणि पुन्हा कधी मला तसं बोलली नाहीस. आई, तू बोलायला हवं होतंस. चिक्की आणायला नको होती. हे मी तुझ्यावर ढकलते आहे असं वाटेल, तर वाटू दे, थोडं ढकलतेच आहे.

आठवीच्या जूनमध्ये त्या सगळ्या बाया माझ्या वह्यांवर आल्या. गणितावर विमानवाली, भूगोलावर मार्चवाली. बाकीच्या पोरी कव्हराची पांढरी बाजू बाहेर ठेवायच्या, तू चित्र बाहेर ठेवलंस. आणि गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी शाळेच्या दारात तुझ्यासोबत कामाला असलेली बाई आली आणि म्हणाली, चल, आईला लागलंय.

पॉवर प्रेस होता तो. एका हातानं पत्रा सरकवायचा, पायानं पायडल दाबायचं, वरून ठोका पडायचा. हात आत जाऊ नये म्हणून पुढे जाळी असते. त्या मशीनला जाळी कुणी कधी बघितलीच नव्हती. तुझी तीन बोटं गेली. दवाखान्यात तू खाटेवर बसलेली होतीस, हाताचं पांढरं गाठोडं मांडीवर ठेवून, आणि मला बघून पहिलं काय विचारलंस, तर डबा खाल्लास का.

तिसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या ऑफिसातले साहेब आले. त्यांनी सफरचंदं आणली होती. "ताई, अजिबात टेन्शन घेऊ नका. फक्त एक फॉर्मॅलिटी आहे. इथं सही झाली की दवाखान्याचं सगळं कंपनी बघणार." कागद इंग्रजीत होता. तू कागद घेतला नाहीस. तू माझ्याकडे हनुवटी केलीस आणि ज्या आवाजात म्हणालीस तो आवाज मला अजून ऐकू येतो. "माझी लेक वाचंल. तिला इंग्रजी येतंय. ऑस्ट्रेलियाच्या बाया पाठ हायेत तिला."

साहेब हसले. "अरे वा, वाच की बेटा."

मी वाचला. मोठ्यानं, सगळाच्या सगळा, बाजूच्या खाटेवरची माणसं बघतील अशा आवाजात. मला त्यातले तुझं नाव, मशीन, हात आणि कंपनी एवढेच शब्द कळले. लांबलचक शब्द होते, त्यांच्यावरून मी उड्या मारत गेले. मग तू विचारलंस, "काय लिव्हलंय?" आणि मी जे वर्षभर केलं होतं तेच केलं. चित्र बघून मजकूर सांगायची मला सवय लागली होती. कागदावर चित्र नव्हतं, म्हणून मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा हसरा होता. मी म्हटलं, "लिहिलंय की तू चांगलं काम करतेस, मशीनमुळे लागलं, आणि कंपनी तुझी काळजी घेणार." साहेब एक क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन तुझ्या डाव्या हातात दिलं.

जानेवारीत तू भरपाईचं विचारायला गेलीस तेव्हा त्यांनी तोच कागद समोर ठेवला आणि मराठीत वाचून दाखवला. जाळी मी माझ्या हातानं काढली, चूक माझी आहे, माझी काही तक्रार नाही. खाली तुझी सही, वाकडीतिकडी, डाव्या हाताची. तू घरी आलीस, पाणी प्यायलीस आणि भाजी निवडायला बसलीस. कागदात काय लिहिलं होतं ते मला तुझ्याकडून नाही, त्या सोबतच्या बाईकडून कळलं. मी वाट बघत होते की तू मारशील. तू एवढंच म्हणालीस, "मेथी महाग झाली." त्यानंतर तू मला एकही इंग्रजी अक्षर वाचायला सांगितलं नाहीस, औषधाच्या बाटलीवरचं नाव तू औषधवाल्याला विचारायचीस. पुढच्या जूनला खाकी कागद आणलास, उरलेली दोन बोटं आणि कोपर लावून एका वहीला कव्हर घालून बघितलंस. कागद सारखा निसटत होता. मग वह्या माझ्यापुढे सरकवल्यास आणि उठून गेलीस. नंतरची सात वर्षं तू कॅन्टीनमध्ये भांडी घासलीस, आणि मग तापाचं निमित्त झालं.

तू गेल्यावर पेटी उघडली तेव्हा मी ती कव्हरं पहिल्यांदा खरोखर वाचली. विमान पुसणारी विमान चालवायची गं. जिथे रस्ताही नव्हता तिथून आजाऱ्यांना दवाखान्यात न्यायची. फेब्रुवारीवाली आया नव्हती, लहान मुलांची मोठी डॉक्टर होती, तिच्या उपचारानं कितीतरी पोरं जगली. डिशवाली ताऱ्यांचा अभ्यास करायची. ऑगस्टवाली पाण्यासाठी नाही, तिच्या लोकांच्या हिसकावून घेतलेल्या जमिनीसाठी सरकारशी भांडली होती आणि जिंकली होती. आणि मार्चवाली न्यायाधीश होती. तुला कळलं होतं, नाटकवाली नाही म्हणून. मी एकेकीला धरून लहान केलं, कारण मला बाई एवढीच मोठी माहीत होती. आणि दवाखान्यात एका माणसाला बघितलं तर तो मला मोठा आणि चांगला दिसला. तू गेलीस तेव्हा तुझ्या मनात त्या बाया विमान पुसणाऱ्या आणि आयाच होत्या, हे मला त्या सहीइतकंच लागतं.

म्हणून मी सेफ्टी ऑफिसर झाले, असं मी लोकांना सांगते. चाकणला मोठी कंपनी आहे, पांढरं हेल्मेट आहे, मला मॅडम म्हणतात. आता जाळीच्या जागी सेन्सर असतो, हात आत गेला की मशीन आपोआप थांबतं. पण ते वारंवार थांबतं, माल अडतो, मग कुणीतरी वरून सांगतं आणि सेन्सर बंद ठेवतात. आमच्या एका प्रेसवर आठ दिवस बंद होता. मला माहीत होतं. मी दोनदा तोंडी सांगितलं आणि रोज सकाळच्या चेकलिस्टवर "चालू" म्हणून खूण केली, कारण खूण नसली तर लाइन सुरू होत नाही. मंगळवारी एका पोरीची दोन बोटं गेली. बावीस वर्षांची आहे, कंत्राटावर, परभणीकडची. तुझ्यासारखंच बोलते.

काल प्लँट मॅनेजरनं कागद दिला. "मॅडम, स्टेटमेंट आजच क्लोज करा, सोमवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येतोय." सेन्सर मी स्वतः बंद केला, असं त्यात त्या पोरीच्या तोंडी घातलेलं. मी दवाखान्यात गेले. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि सगळं वाचून दाखवलं, शब्द न शब्द, आधी इंग्रजी, मग तिच्या मराठीत. एकही शब्द गाळला नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण मी नव्हता केला बंद, मॅडम. पहिल्यापासून बंदच होता की." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "सही नाही केली तर कामावर घेतील का परत?" मी म्हटलं, माहीत नाही. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आई. कागद सोडून माझ्याकडे. "तुमीच सांगा की. करू का सही?"

तिला एवढंच सांगायचं होतं की करू नकोस, चेकलिस्टवरची खूण खोटी आहे आणि ती माझी आहे. तेवढं बोलले असते तर नोकरी माझी गेली असती, तिची चूक ठरली नसती. मी म्हटलं, "तुझं तू ठरव."

तिनं डाव्या हातानं सही केली. अगदी तुझ्यासारखी, वाकडीतिकडी. कागद माझ्या पर्समध्ये आहे, सोमवारपर्यंत माझ्याकडेच. हे पत्र मी भूगोलाच्या वहीच्या कव्हरात सरकवणार आहे, मार्चवालीच्या मागे, म्हणजे ते कुठे जायचं नाही. तिथे ठेवण्याआधी एवढं लिहिते. आठवीत मला वाचता येत नव्हतं. काल येत होतं. आणि त्या पोरीनं पेन खाली ठेवलं तेव्हा मला हायसं वाटलं.