अठरा अंशांची खोली

२ एप्रिल, चोपडा
कार्यालयाच्या संगणकीकरणाचं काम माझ्याकडे आलं. नवा सर्व्हरही आला. जळगावचे साहेब म्हणाले, मे अखेर सगळ्या फायली त्यावर चढवा, जूनमध्ये जळगावला बदली. जळगावला घरी ज्योत्स्नाला फोन केला: फक्त दोन महिने. ती म्हणाली, तीन वर्षं हेच ऐकतेय, मुलं आता तुम्हाला पाहुणा समजतात. हिला प्लॅनिंग कळत नाही.

९ एप्रिल
सर्व्हर रूम तयार. बाहेर त्रेचाळीस, आत ए.सी. अठरावर. वेळापत्रक भिंतीवर लावलं. चार रंगांत.

१५ एप्रिल
एकही फाईल चढली नाही. कर्मचारी खोलीकडे फिरकत नाहीत. तंत्रज्ञानाची भीती. उपाय: जवळीक. शिपाई सुपडूनानांना म्हटलं, खोली आपलीच समजा.

१८ एप्रिल
समजले. घरच्या मळ्यातले केळीचे चार घड आणून ठेवले. म्हणाले, बाहेर दोन दिवसांत काळे पडतात, साहेब. परवानगी दिली. अट: सर्व्हरपासून एक फूट.

२६ एप्रिल, दुपार
सहभाग वाढतोय. आवक-जावकच्या दिपमालाताईंचं ताक. लेखा शाखेची कलिंगडं. प्रत्येक जण दिवसातून चार वेळा आत जातो. जळगावला कळवलं: कर्मचाऱ्यांनी प्रणाली स्वीकारली.

७ मे
सुपडूनाना आपणहून म्हणाले, साहेब, तुमनं सर्व्हर भलतं थंडगार शे. गहिवरून आलं.
यंत्र उत्तम. इतकं शांत, की चालू आहे हे कळतसुद्धा नाही.

१२ मे
एकही बिघाड नाही, एकही तक्रार नाही. तसा अहवाल पाठवला. फायली उद्यापासून.

२० मे
फायली सोमवारपासून. ज्योत्स्नाला सांगितलं, माझं कपाट रिकामं कर. म्हणाली, त्यात मुलांची पुस्तकं आहेत, आधी या तर खरे.

२८ मे
साहेब तपासणीला आले. खोली उघडली. वास छान होता. सर्व्हरवर दिवा दिसेना. प्लग काढलेला. सुपडूनाना म्हणाले, ती पेटी तपस, साहेब, बठ्ठा घड पिकी जातीन. म्हणजे सर्व्हर तापतो, सगळे घड पिकून जातील. साहेबांनी विचारलं, कधी काढला. म्हणाले, घड आणले त्याच दिवशी.
साहेबांनी एक केळं खाल्लं. चांगलं लक्षण.

४ जून
जळगावला बदलीचा आदेश आला. सर्व्हरच्या. मी इथेच.
ज्योत्स्नाला कळवलं. म्हणाली, चला, चोपड्याहून कोणीतरी आलं.