ठकूच्या मापाचा स्वेटर

४ फेब्रुवारी

खिडकीतून ऊन, न डुगडुगणारं टेबल आणि पहिल्या ओढीत लागणारी कडी. खोलीकडून माझ्या एवढ्याच अपेक्षा होत्या आणि तिन्ही पुऱ्या झाल्या. कामाची जागा चालत जाण्याइतकी जवळ आहे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तुला काही आवडलं असं तुझ्या तोंडून ऐकलं, आजची तारीख लिहून ठेवते. म्हणून मीही लिहून ठेवतेय.

घरमालकीण खाली राहतात. सगळे त्यांना काकू म्हणतात, तेव्हा मीही. शिवणकाम करतात, त्यातही मुख्यतः दुरुस्तीचं: सैल झालेलं आवळायचं, तंग झालेलं उसवायचं. गळ्यात टेप असतो, पण माझं माप त्यांनी नुसत्या नजरेने घेतलं. खांदे ठकूपेक्षा दोन बोटं अरुंद, म्हणाल्या. ठकू त्यांची मुलगी, ही खोली तिची होती. ती आता इथे नसते. कुठे असते ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला कोणी फार विचारलेलं आवडत नाही, म्हणून मीही विचारत नाही.

९ फेब्रुवारी

काम माझ्या स्वभावाचं आहे. दवाखान्यांचे आणि कारखान्यांचे तापमापी आमच्याकडे तपासायला येतात. ते पाण्याच्या टाकीत सोडायचे, शेजारी आमचा मास्टर सोडायचा आणि दोघांचे आकडे ताडून पाहायचे. मास्टर म्हणजे ज्याच्यावर शंका घ्यायची नसते तो तापमापी. आकडे जुळले नाहीत तर चूक आलेल्याची. आलेल्याला मास्टरकडे आणायचं, मास्टरला त्याच्याकडे न्यायचं नाही. हे मला इतक्यांदा बजावण्यात आलं की मी मास्टरला फूस लावून पळवणार आहे असं कुणालाही वाटावं.

बजावणारा शेजारच्या टेबलावरचा सहकारी. त्याला सगळे पारा म्हणतात, कारण तो लगेच चढतो. उतरतोही लगेच. त्याने एक उपयोगाची गोष्ट सांगितली. आरोग्य विमा सहा महिन्यांनी, कायम झाल्यावर मिळतो. त्याआधी कुठल्या दवाखान्यात आजाराची नोंद झाली तर तो 'आधीपासूनचा' ठरतो आणि विमा त्याला पुढेही हात लावत नाही. "तेव्हा सहा महिने मरायचं असेल तर खुशाल मर," म्हणाला, "पण आजारी पडू नकोस."

३ मार्च

ताप आहे. दुपारनंतर चढतो, रात्रीच्या जेवणानंतर उतरतो. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं सुन्न होतात. जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव. दुकानातून गोळ्या आणल्या, त्यांनी दोन दिवस बरं वाटलं. मी स्वतः तपासलेले तीन तापमापी लावून पाहिले, तिघांचं एकमत आहे. पारा म्हणाला, इतका खात्रीचा ताप त्याने आजवर पाहिला नाही, प्रमाणपत्र देऊन टाकू.

कापरं भरतं म्हणून काकूंनी ठकूचा स्वेटर दिला. राखाडी, हाताने विणलेला. बाह्या बोटांवर येतात, खांदे खाली घसरतात. थोडा आवळून द्याल का, असं विचारलं. त्या नाही म्हणाल्या.

"विणलेल्याला कात्री लावायची नसते. माणूसच बसतो हळूहळू त्यात."

२० मार्च

आज जिन्यात बसावं लागलं. पाय उचलेना. काकू वर आल्या, शेजारी बसल्या आणि स्वतःहून बोलल्या. ठकूचंही असंच सुरू झालं होतं. बोटं, तोंडाची चव, दुपारचा ताप. गेल्या वर्षी ती याच खोलीत गेली. काय झालं होतं ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. विमा कंपनीला काकूंनी काही कळवलं नाही. ठकूच्या विम्याचा हप्ता अजून भरतात, त्यामुळे तिचं कार्ड चालू आहे. ते मी वापरावं असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, ही फसवणूक आहे. त्या म्हणाल्या, "फसवतेय मी, तू फक्त बरी हो. हप्ता बंद केला की ती खरंच गेली असं होईल गं."

वर येऊन शांतपणे विचार केला. मोठ्या इस्पितळातल्या तपासण्या पदरच्या पैशाने मला झेपणार नाहीत. आईला सांगितलं तर ती राहतं घर विकायला काढेल. माझ्या नावाने तपासलं तर आजार कायमचा माझ्या नावाला चिकटेल. ठकूच्या कार्डावर तपासलं तर माझं नाव कोरं राहील, आणि सहा महिन्यांनी मी निरोगी म्हणून विमा घेईन. या उपायात चूक शोधली. सापडली नाही.

२४ मार्च

इस्पितळातल्या कारकुनाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. कार्डावरचा फोटो नखाएवढा आहे. ठकूची जन्मतारीख, तिला न चालणारी औषधं, तिची सही, सगळं पाठ करून गेले होते. डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली आणि रागावले. मध्येच यायचं का सोडलंत, म्हणाले. मी म्हटलं, बाहेरगावी होते.

नर्सने तिचं नाव पुकारलं तेव्हा मी दुसऱ्या हाकेला उठले. पुढच्या वेळी पहिल्या हाकेला उठायला हवं.

३० मार्च

रक्तगटाचा विचार मी केलाच नव्हता. फाइलमध्ये ओ, माझा ए. नर्सने दोन्ही कागद शेजारी धरले. ती म्हणाली, नळ्या बदलल्या असतील, पुन्हा घेऊ. डॉक्टरांनीही फाइलकडे बोट दाखवलं. फाइल जुनी आहे, ती चुकणार नाही.

पुन्हा घेतलं. ओ आला.

मला हायसं वाटलं. घरी येईपर्यंत हायसंच वाटत होतं. मग कॉलेजात रक्तदान केल्याचं कार्ड काढून पाहिलं. ए. आईचा ए, बाबांचाही ए होता.

त्या नर्सने दुसऱ्याच कोणाची नळी घेतली असणार. एवढंच.

२२ एप्रिल

छातीचा एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं स्वच्छ आहेत. आणि गळ्याजवळचं हाड लहानपणी मोडलं होतं ते छान सांधलंय.

माझं एकही हाड कधी मोडलेलं नाही.

फिल्म मी उजेडाला धरून पाहिली. सांधा स्पष्ट आहे. बोटाने चाचपला तर उंचवटा लागतो. घरी काकूंना एक्स-रेबद्दल काही बोलले नाही. त्या बटण लावत होत्या. आपणहून म्हणाल्या, थंडीत तिथे ठणकतं ना? जांभळाच्या झाडावरून पडली होतीस, तेव्हापासूनचं आहे ते.

पडली होतीस, म्हणाल्या. चुकून म्हणाल्या असतील.

६ जून

ताप गेला. बोटांना स्पर्श कळतो. वजनही भरलं आहे. औषध कोणतं लागू पडलं ते डॉक्टरांना सांगता येत नाही.

पारा म्हणाला, खांदे भरलेत तुझे, पोहायला जातेस की काय? बाकी कामावर कोणाला वेगळं काही वाटत नाही. त्यात नवल नाही. तापमापी रोज केसभर सरकला तर रोज वापरणाऱ्याला कळत नाही. मास्टरशेजारी ठेवला की कळतं.

आईने फोनवर विचारलं, आवाज बसलाय का? मी हो म्हटलं. तेव्हापासून निरोप लिहूनच पाठवते.

स्वेटर आज नीट बसला. बाह्या मनगटावर. काकू आरशात मागे उभ्या होत्या. त्यांनी टेप लावून पाहिलाच नाही.

१ जुलै

इस्पितळात नाव पुकारायच्या आधीच मी उठून उभी राहिले.

५ ऑगस्ट

कायम झाले. विम्याचं कार्ड मिळालं. माझ्या नावाचं, माझ्या फोटोचं. फोटो नोकरीला लागले तेव्हाचा आहे. बराच वेळ पाहत बसले.

ठकूचं कार्ड काकूंना परत दिलं. त्यांनी घेतलं नाही. मशीनवर ठेवून आले.

६ ऑगस्ट

माझं कार्ड घेऊन इस्पितळात गेले. पुन्हा सगळ्या तपासण्या करायच्या, माझ्या नावाने. रक्त, एक्स-रे. काय निघेल ते निघो, पण माझं म्हणून निघो.

तोच कारकून होता. आज त्याने मान वर केली. कार्ड पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा कार्ड.

"ताई, दुसऱ्याचं कार्ड इथे चालत नाही."

मी म्हटलं, माझंच आहे. तो हसला. म्हणाला, तुमचं चालू आहे की, ते का नाही आणलंत? त्याला ठकूचं नाव पाठ होतं.

चूक कुठे झाली ते आता कळतं. मी तिच्या फाइलला मास्टर केलं. आकडा जुळला नाही तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं ते जुळल्यावर.

७ ऑगस्ट

आईला फोन केला. मी बोलले. ती म्हणाली, "कोण बोलतंय? माझ्या मुलीचा फोन तुमच्याकडे कसा आला?"

मी म्हटलं, आई, मी. तिने दादाला हाक मारली. दादाने दरडावून पत्ता विचारला. मी सांगितला.

मला हायसं — नाही. तो शब्द नको.

८ ऑगस्ट

आलेत. आई आणि दादा. खाली काकूंच्या खोलीत बसलेत, आवाज इथपर्यंत येतो.

मी धावतच खाली गेले होते. दादा उठून उभा राहिला. परक्या बाईसाठी उभा राहतो तसा. म्हणाला, तुम्ही ओळखत होता का माझ्या बहिणीला? तिचा फोन तुमच्याकडे कसा?

दादा, मीच, म्हटलं. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, माझी मुलगी, मोठ्या आजारातून उठलीये, वरच्या भाडेकरणीची फार सवय झाली होती तिला, ती खोली सोडून गेल्यापासून असं बोलते. मनाला लावून घेऊ नका.

आईने माझ्याकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत. तिची नजर चुकत नाही. मास्टर आहे ती. तिच्याशेजारी मी उभी राहिले आणि —

दया आली तिला माझी.

गुडघ्यावरचा व्रण दाखवायला गेले. नाही तिथे.

अक्षर दाखवावं म्हणून वर आले, ही वही काढली. पहिली पानं माझ्या अक्षरात आहेत. बारीक, सरळ. मार्चपासून अक्षर कलत गेलंय. हे आता लिहितेय ते —

ते ठकूच्या सहीचं अक्षर आहे.

ही वही दाखवून उपयोग नाही. आईला फक्त माझं असं काहीतरी सांगायला हवं. दादालाही माहीत नसलेलं. ती मला एकटीच एका नावाने हाक मारते, घरात दुसरं कोणी नसलं की. ते सांगितलं की ओळखेल. ओळखलंच पाहिजे.

खुर्च्या सरकल्या. निघालेत. दादा पोलिसांचं काहीतरी म्हणतोय. आई रडतेय.

काकू हाक मारताहेत. ठकू, पाहुण्यांना पाणी आण गं.

आले म्हटलं मी. लगेच. पहिल्या हाकेला.

जिन्यात विसरायला नको. ते नाव आधी इथे लिहून घेते, मग जाते. आई मला एकटीच हाक मारते ते —

आई मला