तक्रारदार काल्पनिक

३ मार्च, मंगळवार
उत्तर आलं! चक्क! ज्या देशाचा अभ्यास करतेय, तिथल्या एका नगरपालिकेला परवाच इथून ईमेलने तक्रार पाठवली होती — गल्लीत पाणी येत नाही. तक्रारदार काल्पनिक, नाव मीच जुळवलेलं. हुकूमशाही सरकारं लोकांचं ऐकतात का, पैसा खर्च करतात का, आणि त्यामुळे लोक त्यांच्या बाजूने होतात का — माझी सगळी पीएचडी यावरच. आणि यांचं उत्तर काय, तर 'पाइप टाकतोय'!

इथे जर्मनीत व्हिसासाठी टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मागून मागून थकले, साधी पोच नाही. शिरीष म्हणतो, मग तिकडेच बिऱ्हाड करू. नवऱ्याला सगळ्याचीच थट्टा. पण खरं सांगू? क्षणभर मलाही ते सरकार आवडलं.

६ मार्च
पाइप पडलेसुद्धा! प्रोफेसर खूश. आता फोनवरून सर्व्हे — गल्लीतले लोक सरकारवर किती समाधानी आहेत ते विचारायचं.

१० मार्च


लैला त्याच देशातली, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिने तिथल्या सरकारी टीव्हीची क्लिप दाखवली. गल्ली तीच. नळाला धो धो पाणी. आणि एक म्हातारा कॅमेऱ्यापुढे राष्ट्रप्रमुख साहेबांचे आभार मानतोय — त्याचं नाव मी जुळवलेलं तेच! असा माणूस खरंच आहे! नाव तिथलं सर्रास, गल्ली खरी — असणारच ना कुणीतरी! अक्कल कुठे गहाण टाकली होती मी? एथिक्स कमिटीला मीच ठणकावून सांगितलं होतं, कुणालाही धोका नाही.

मी म्हटलं, पण पाणी तर मिळालं ना त्याला?  लैला म्हणाली, "मिळालं. पण त्याच्या नावाने जर्मनीतून तक्रार कोणी केली, हे त्यालाच विचारतील."

११ मार्च
प्रोफेसरांना सगळं सांगितलं.  सर्व्हे थांबवा म्हटलं, तर त्या गल्लीतले फोन कालच झालेत म्हणे.

१३ मार्च
लैलाच्या मावशीकडून कळलं. म्हाताऱ्याला सोमवारीच चौकशीला नेलंय. अजून घरी आलेला नाही. मी केलं हे. मी!

१७ मार्च
सर्व्हेची रेकॉर्डिंग आली. अख्खी गल्ली 'अत्यंत समाधानी'. म्हाताऱ्याच्या घरचा फोन बायकोने उचलला होता. लैलाने ऐकून मला सांगितलं. बाई म्हणाल्या, अत्यंत समाधानी. मग विचारलं, "आता ह्यांना घरी पाठवाल ना?"